काचेवरची अक्षरं

पॉलीनचा फोन आला तेव्हा कोरीन विनीच्या केसांत अडकलेलं ओटमील काढत होती. पॉलीन म्हणाली, घाई काही नाही, पण जमलं तर येऊन जा, तुझा तो कागद खिडकीतून खाली पडलाय. कोरीनने फोन खांद्याशी दाबून धरत विचारलं, आणि अक्षरं? 

"अक्षरं खिडकीतच आहेत," पॉलीन म्हणाली.

 पोरीचं तोंड पुसायचं अर्धवट टाकून कोरीनने तिला तशीच गाडीत बसवली आणि क्लेसबर्गच्या रस्त्याला लागली. नोव्हेंबरचे दिवस होते. डोंगरावरची झाडं पार निष्पर्ण झालेली, आणि पॉलीनचा नवरा ऑरिन फेदर्स वारून जेमतेम आठवडा झालेला.

ऑरिनने तिला हाताशी धरून शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, विनी पोटात असताना, आडव्या पडून राहायच्या त्या कंटाळवाण्या दिवसांत कोरीनने कुणाच्या तरी माळ्यावरून आलेलं एक जुनं खोकं उघडलं होतं. आत खेळण्यातल्या रेल्वेच्या मालडब्याचं किट होतं, तिच्या आजोबांच्या काळातलं. लाकडाच्या पट्ट्या, तारेच्या काड्या, जस्ताचे ओतीव तुकडे. ते कसं जुळवायचं ते विचारायला ती अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या, छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबात गेली. तिथल्या म्हाताऱ्यांनी तिच्या पोटाकडे पाहून आधी खुर्ची दिली, मग कॉफी, आणि मग प्रत्येकाने वेगवेगळा सल्ला. ऑरिनने सल्ला दिला नाही. त्याने किटमधली एक वाकडी पट्टी उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, हिला कुणी घाई केली नाही तर ही सरळ होईल. टीपकागदाच्या दोन ओलसर घड्यांमध्ये ठेवून त्याने तिच्यावर एक इस्त्री ठेवली आणि कोरीनला पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. पट्टी सरळ झाली होती. त्या दिवसापासून कोरीन त्याच्या बाकावर, त्याच्या डाव्या हाताला बसू लागली.

असा हात तिने दुसरा पाहिला नव्हता. किट नवीन विकत आणून चकाचक करणारे क्लबात पुष्कळ होते. ऑरिनला मोडलेलं आवडे. खिडकीतला कागद ज्याचा, तो ब्लू नॉब अँड ईस्टर्न रेल्वेचा डबा त्याला चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत सापडला होता. कोण्या पोराने पूर्वी तो अर्धा जुळवून सोडून दिला होता, जागोजाग सरसाचे गोळे होते आणि रंग म्हणून आईचं लाल नेलपॉलिश फासलेलं होतं. ऑरिनने ते नेलपॉलिश कापसाच्या बोळ्याने टिपून काढायला सबंध हिवाळा घेतला, आणि खालचं लाकूड कुठेही खरवडलं नाही. डब्याच्या दोन टोकांचे जस्ताचे भाग बिस्किटासारखे भुगा झाले होते. ते त्याने नाशपातीच्या लाकडातून नव्याने कोरले, रिव्हेटच्या डोक्यासकट. आणि भुगा फेकला नाही. औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून वर चिठ्ठी लावली: मूळ टोकं, जशी मिळाली तशी. जे टिकणार नाही तेही कुठेतरी असावं, असं त्याचं म्हणणं. कोरीनला हे पहिल्यांदा वेडेपणाचं वाटलं होतं. नंतर तीही आपल्या कामाशेजारी तशी बाटली ठेवू लागली.

ब्लू नॉब अँड ईस्टर्न म्हणजे काही मोठी रेल्वे नव्हे. डोंगरातले बटाटे खाली आणायची, एवढीच तिची कामगिरी, आणि तिचे रूळ उखडून साठएक वर्षं झाली. शाळकरी वयात ऑरिनने तिच्या डब्यांत पोती चढवली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एका हौशी माणसाने आपल्या गॅरेजात तिच्या डब्याची थोडीशी किट बनवून विकली, आणि त्यांतलं हे एक. त्यातला अक्षरांचा कागद मात्र शाबूत राहिला होता. अशी अक्षरं पातळ पापुद्र्यावर छापलेली असतात. कागद पाण्यात भिजवला की पापुद्रा सुटतो आणि तो डब्यावर सरकवायचा, लहान मुलं हातावर चित्रं उमटवतात ना, तसा. तेवढं नाव, तेवढ्या मापाचं, जगात दुसरीकडे कुठे छापलेलं नव्हतं.

सप्टेंबरात ऑरिनने डब्याच्या एका बाजूची अक्षरं लावली. वीतभरही नसलेल्या तांबूस फळीवर पांढरं नाव, खाली २१४ हा आकडा, आणि त्याखाली वजनाच्या तीन ओळी, मुंगीच्या पायांएवढ्या. कोरीनने भिंगातून पाहिलं तेव्हा तिला लाकडाची रेघ अक्षराच्या आतून गेलेली दिसली. जणू रंगाऱ्याने ब्रशने रंगवलं होतं, पापुद्रा कुठे म्हणून नव्हताच. दुसऱ्या बाजूच्या अक्षरांचा भाग घडीच्या बाहेर राहिल्यामुळे पिवळा पडला होता. त्यावर या लोकांचा एक जुना उपाय असतो. पिवळा कागद पारदर्शक पिशवीत घालून दक्षिणेच्या खिडकीत, छापील बाजू काचेकडे करून चिकटवायचा आणि उन्हाला त्याचं काम करू द्यायचं. ऑरिन तो उपाय करणार तोच त्याला इस्पितळात न्यावं लागलं. तिथून त्याने कोरीनला सांगितलं, कागद आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लाव.

तिने लावला. पण पिशवीने ऊन कमी लागेल, आणि ऑरिनला अक्षरं पांढरी झालेली लवकर दाखवायची होती. म्हणून तिने पिशवी घेतली नाही.

पॉलीनच्या स्वयंपाकघरात ओट्यावर आठवणीने जपून ठेवलेला कोरा कागद होता. पॉलीन सत्तरी ओलांडलेली, अंगाने बारीक, आणि नवरा गेल्यापासून घरातही त्याचा कोट घालून वावरणारी. तिने सांगितलं ते असं, की दफनाच्या दिवशी चर्चमधल्या बायका तिच्याच शेगडीवर हलुश्की करायला जमल्या होत्या. कोबी परतायचा, नूडल्स उकडायच्या, चार मोठी पातेली एकदम. सगळ्या खिडक्या घामेजल्या. दुसऱ्या दिवशी कागद तेवढा गळून पडला. अक्षरं काचेला चिकटून राहिली. त्यांतल्या एकीने फवारा आणि फडकं घेऊन काच पुसायला हात उचलला होता, तेव्हा पॉलीन मध्ये जाऊन उभी राहिली होती.

कोरीनने काचेजवळ तोंड नेलं. अक्षरं पांढरीशुभ्र झाली होती, दुधासारखी. आणि उलटी. आतून पाहताना नाव आरशात पाहिल्यासारखं दिसत होतं. तिने नखाच्या टोकाने कडेला अगदी हलकेच स्पर्श केला तर एक कण सुटून आला. सत्तर वर्षांचा पापुद्रा, अंड्याच्या कवचासारखा.

"मी पिशवीत नाही घातला," कोरीन म्हणाली. "मला माहीत होतं, तरी."

"बस आधी," पॉलीन म्हणाली. "गॉब खा. लोकांनी इतके आणून ठेवलेत की मी एकटी ख्रिसमसपर्यंत खात बसेन."

विनीने तोवर एक गॉब, म्हणजे दोन छोट्या केकांची जोडी, दोन्ही हातांनी दाबून मधलं क्रीम खुर्चीला लावलं होतं.

क्लबाची एक रीत होती. कुणी सदस्य गेला आणि त्याच्या बाकावर काम अर्धं राहिलं तर बाकीच्यांनी मिळून ते पुरं करायचं, एकेकाने एकेक काम. आणि अक्षरं लावायची ती सगळ्यात नव्या सदस्याने. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी क्लब सगळ्या गावाला खुला असतो. त्या दिवशी तो डबा इंजिनामागे पहिला लागतो. ऑरिनच्या डब्याचं छत एकाने दाबाखाली ठेवलं होतं, ब्रेकची दांडी दुसऱ्याने वळवली होती. पण अक्षरं लागल्याशिवाय फळी डब्याला बसवता येत नव्हती, आणि फळी बसल्याशिवाय बाकी काहीच नाही. सगळे कोरीनसाठी थांबले होते. ऑरिनचा शेवटचा डबा आता एका बाजूने बिननावाचा धावणार होता, आणि तो तिच्या हातून तसा झाला होता.

त्या संध्याकाळी ग्लेन डायव्हली खिडकी पाहायला आला. ग्लेन क्लबाचा अध्यक्ष, जन्मभर शाळेची बस चालवलेला, नाकावर माशी बसू न देणारा. ऑरिनशी त्याची चाळीस वर्षांची दोस्ती, म्हणजे चाळीस वर्षांचं भांडण. त्याने चष्मा वर करून, खाली करून खिडकी पाहिली.

"काय गं पोरी, पिशवी महाग झाली होती का?" त्याने विचारलं.

कोरीनने मान खाली घातली. ग्लेनला एवढ्याने समाधान नव्हतं. तो म्हणाला, पिशवीत असता तर पिशवीला चिकटला असता आणि पिशवी आपल्याला टेबलावर तरी नेता आली असती, आता काय घराला चाकं लावायची? मग त्याने निकाल दिला. फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर नवीन अक्षरं छापून घ्यायची, ती लावायची, आणि हे काचेवरचं ब्लेडने काढून टाकायचं. लोकांना पाच फुटांवरून काय कळतंय.

पॉलीन सिंकपाशी उभी होती.  ओट्यावरचं ब्लेड उचलून तिने खणात टाकलं आणि खण लावून घेतला. ग्लेनने ते पाहिलं आणि तो दाराकडे वळला.

उत्तर सापडलं ते दोन दिवसांनी, अंगणात. कोरीन विनीला गाडीत बसवायला निघाली होती आणि पोरगी मागे वळून वळून पॉलीनला हात करत होती. म्हणून कोरीननेही मागे पाहिलं. बाहेरून काचेवर नाव सरळ वाचता येत होतं. ती विनीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. छापील बाजू काचेला, म्हणजे पाठ स्वयंपाकघराकडे. आणि लाकडाला चिकटायची असते ती पाठच. म्हणजे अक्षरं सोडवून, उचलून, उलटवून नेण्याची गरजच नव्हती. त्यात तर ती मोडणारच होती. अक्षरं फळीकडे न्यायची नाहीत. फळी काचेकडे न्यायची.

तिने हे क्लबात मांडलं तेव्हा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ग्लेनने खुसपट काढलं, फळी काचेवर टेकवलीस की तुला खालचं काही दिसणार नाही, नाव वाकडं बसलं तर? ते खरंच होतं.   मग ग्लेनच कपबशीकडे बघत म्हणाला, "बाहेरून दिसेल की. मी उभा राहतो बाहेर."

पुढचे दिवस कोरीनने तालमीत घालवले. विनी दुपारची झोपली की ती न्हाणीघराच्या खिडकीवर स्वस्तातली अक्षरं उलटी चिकटवायची आणि लाकडाच्या तुकड्यावर उतरवून घ्यायची. पहिली सगळी फाटली. वाफ कमी पडली तर पापुद्रा सुटत नसे, जास्त झाली तर सुरकुतून वाहून जाई. लाकडावर व्हार्निशचा हात द्यायचा तो बोटाला ओढ लागेपर्यंत वाळू द्यायचा, पण बोटावर येता कामा नये. तो क्षण फार लहान होता. तिचा नवरा डेरेक रात्रपाळीहून येऊन दाढी करायला गेला तर खिडकीवर कुठल्याशा दूध डेअरीचं अर्धं नाव. त्याने काही विचारलं नाही, दाढी केली आणि जाताना म्हणाला, यातलं मधलं अक्षर बरं आलंय.

पॉलीनच्या खिडकीवरच्या अक्षरांच्या पाठीवर कोरीनने लॅकरचा पातळ हात दिला, पापुद्रा मोडू नये म्हणून. तो कडक वाळेपर्यंत स्वयंपाकघरात वाफ नको होती. तिने पॉलीनला भीत भीत सांगितलं. पॉलीनने शेगडीच पेटवली नाही. ती थंड सँडविच खायची आणि सकाळच्या कॉफीला पलीकडच्या घरी जायची, नवऱ्याच्या कोटाचे खिसे गच्च धरून. शेजारीण कोरीनला म्हणाली, इतकी वर्षं ही कधी कुणाच्या दारात कॉफीला आली नव्हती, आता रोज येते आणि बरीच बोलतेही.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळे जमले. विनीला एका सदस्याच्या मांडीवर दिलं, तिने त्याच्या खिशातलं पेन शोधून काढलं. पॉलीनने किटली ठेवली. ग्लेन बाहेर, खिडकीखालच्या गुलाबाच्या काटक्यांत, फळांच्या पेटीवर उभा राहिला. डोक्यावर कानटोपी, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात गरम पाण्यात पिळलेला टॉवेल. काच बाहेरूनही गरम झाली पाहिजे, हे त्याने स्वतःच काढलं होतं. तो टॉवेल काचेवर दाबून धरायचा, काढायचा, शिव्या द्यायचा, कारण बोटं आधी भाजायची आणि मग गारठायची.

कोरीनने फळीवर व्हार्निश दिलं आणि ती बाजूला ठेवली. पॉलीनने किटलीचं तोंड खिडकीकडे वळवलं, जवळ, मग थोडं लांब, कोरीनच्या डोळ्यांकडे बघत. वाफ अक्षरांच्या कडांना लागली. कोरीनने मऊ ब्रशच्या टोकाने कड चाचपली. हलली नाही. पुन्हा. मग नावाचं पहिलं अक्षर काचेवर केसभर सरकलं, जिवंत असल्यासारखं.

तिने फळीला बोट लावलं. ओढ लागत होती.

"आता," ती म्हणाली. पॉलीनने किटली मागे घेतली. कोरीनने फळी दोन्ही अंगठ्यांत धरून काचेशी नेली, टेकवली नाही, कागदाच्या जाडीएवढी अलीकडे धरली. बाहेर ग्लेनचा चष्मा काचेला लागला होता.

"डावीकडे," तो ओरडला. काचेतून आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. "माझ्या नाही, तुझ्या. जरा. जरा म्हटलं तर एवढं? परत. वर. थांब." मग तो भिंगातून एकेक अक्षर तपासू लागला, एकही टोमणा न मारता.  ग्लेनला काही टाकून बोलायचं नसेल असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"लाव," तो म्हणाला, अगदी हळू. तिला ते ओठांवरून कळलं.

तिने टेकवली. अंगठ्याच्या मांसल भागाने मधून कडांकडे दाबत गेली. ऑरिन तिच्या उजव्या हाताला असताना जसा दाब द्यायचा, तसा. जोर नाही, नुसतं वजन. कुणीतरी विनीच्या तोंडात गॉब कोंबलेला असावा, कारण तीही गप्प होती. मग कोरीनने फळी एका बाजूने सोलल्यासारखी अलगद काचेवरून उचलली.

नाव फळीवर होतं. सबंध. आकडाही. एका अक्षराच्या पोटात बारीक तडा होता, भिंगातून दिसेल एवढा. आणि वजनाच्या तीन ओळी काचेवरच राहिल्या होत्या. त्यांच्यापर्यंत वाफ नीट पोचलीच नव्हती.

कोरीन पुन्हा किटली मागणार तोवर ग्लेन आत आला होता, कानटोपी हातात, नाक लाल. त्याने फळी पाहिली, काच पाहिली. फळी परत काचेशी नेऊन वाफ दिली तर तिच्यावर लागलेलं नावही सुटेल, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

"वजन लिहिल्याशिवाय डब्यात कुठल्याही यार्डात माल भरू देत नाहीत," तो म्हणाला. नियम म्हणजे नियम, त्याच्याने राहवलं नसणार.

"मग रिकामा जाऊ दे," पॉलीन म्हणाली. "ऑरिनची पाठ बटाट्यांनीच गेली होती." आणि किटली परत शेगडीवर ठेवून तिने आठवड्यानंतरची आपल्या घरची पहिली कॉफी केली.

शनिवारी क्लबाच्या जिन्यावर पोराबाळांची रांग लागली होती. डबा रात्रीच पुरा झाला होता. छत बसलं, दांड्या लागल्या, नाशपातीच्या लाकडाची टोकं जस्ताची नाहीत हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. कोरीनने तो दोन्ही तळव्यांवर घेऊन रुळावर ठेवला आणि चाकं नीट बसलीत की नाही ते पाहिलं. तिने ऑरिनची बाजू लोकांकडे केली होती. नाव निर्मळ, आकडा, वजनाच्या तीनही ओळी. त्या बाजूकडे पाहताना तिला अजून वाटे की माणसाच्या हाताला इतकं साधतं कसं.

पॉलीन विनीला घेऊन कठड्याशी उभी होती. तिने नवऱ्याचा कोट आज घातला नव्हता.

ग्लेन इंजिनाच्या कळीपाशी बसला होता. तो उठला, वाकला, डबा उचलून त्याने भिंगाशिवायच दोन्ही बाजूंनी पाहिला. तडा शोधत असणार, असं वाटून कोरीनने नजर दुसरीकडे नेली. डबा पुन्हा रुळावर ठेवल्याचा बारीक आवाज झाला. तिने पाहिलं तर त्याने तो फिरवून ठेवला होता. तिची बाजू लोकांकडे.

"ग्लेन, ती अपुरी आहे," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"त्याचं काम गावाने चाळीस वर्षं पाहिलंय," ग्लेन म्हणाला. "सरक बाजूला, गाडी सोडायची आहे."

आणि त्याने कळ फिरवली.